शिल्लक जागा शून्य

नातीला सांगितलेली एक गोष्ट, अकरा मिनिटांची. काउंटरमागे दरवळणारा जळकट वास. कुणीही कधी वाचणार नाही अशी पाचशे जीबीची फाइल.

वाचा-उपचार केंद्रातला बॅकअप अडत होता, म्हणून कॉम्प्युटरवाल्याने डीबग लॉग चालू केला. सॉफ्टवेअर आपली बारीकसारीक हालचालही फाइलमध्ये लिहू लागलं. दुसऱ्याच दिवशी दोष सापडला, पण लॉग बंद करायचं त्याच्या डोक्यातून साफ निघून गेलं. महिनाभरात त्या फाइलनं फुगत फुगत बॅकअपची अख्खी डिस्क गिळली. घशाच्या ऑपरेशनआधी केंद्रात एका आजोबांचा आवाज, नातीला सांगितलेली ती गोष्ट, रेकॉर्ड केला, तेव्हा त्याची प्रत ठेवायला जागाच नव्हती. आणि आज मूळ कॉम्प्युटर जळाला.

आजोबा आता बोलू शकत नव्हते. आजी ते रेकॉर्डिंग न्यायला रिकामा पेनड्राइव्ह घेऊन उभ्या होत्या.

“माझ्याच हातून काहीतरी झालं असणार,” काउंटरवरच्या मावशी रडवेल्या झाल्या. “मला कुठं त्यातलं कळतंय, दादा? भलतंच बटण दाबलं असेन.”

“होतं असं, मावशी,” कॉम्प्युटरवाला मान खाली घालून म्हणाला.

“रडू नकोस गं,” आजींनी मावशींच्या पाठीवरून हात फिरवला. “चाळीस वर्षं ऐकलाय तो आवाज. कान किटले होते माझे.”



पंधरा दिवसांपूर्वी डिस्क भरत आल्याची सूचना दिसताच मावशींनी त्याला फोन केला होता, आणि तो म्हणाला होता, “ओके दाबा आणि विसरून जा.”