कोपऱ्यातली अक्षरं

वर्षभरात ही सहावी लेन्स, आणि तीही परत आली. जुने कॅमेरे विकणाऱ्या म्हाताऱ्याने बाबाजी या गिऱ्हाइकाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. त्याने कॅमेऱ्याच्या दोन बॉड्याही बदलल्या होत्या, पण आजवर ना एक पाखरू टिपलं होतं, ना एक माणूस. नवी लेन्स घ्यायची, वर्तमानपत्राच्या पानाचे फोटो काढायचे आणि कोपऱ्यातली अक्षरं मोठी करून नाक मुरडायचं, एवढीच याची फोटोग्राफी.

"हीसुद्धा कोपऱ्यात मार खाते, काका."

म्हाताऱ्याने बाबाजीचा लॅपटॉप जवळ ओढून सगळे फोटो चाळले. प्रत्येकात तेच पान, त्याच्या दोन्ही कडा धरलेली बोटं, आणि पानाआड झाकलेला चेहरा.

"पान कुणी धरलंय?"

"बायकोने. पण तिचा हात हलायचा. मला वाटायचं, म्हणूनच अक्षरं पुसट येतात."

"आणि तिचा एखादा फोटो?"

"काढणार होतो की. आधी लेन्स तर धड मिळायला हवी."

म्हाताऱ्याच्या तोंडावर आलेली शिवी चहाच्या घोटाबरोबर खाली गेली. शेवटच्या फोटोंत बोटं नव्हती. पान भिंतीला चिकटपट्टीने लावलेलं होतं.

"आता बायको धरत नाही वाटतं?"

"ती निघून गेली मला सोडून. महिना झाला." गिऱ्हाइकाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "पण हे बघा ना, आता पान जराही हलत नाहीये. म्हणजे दोष लेन्सचाच होता."