मठातली पंगत

"आचाऱ्याने मारलं," सोफ्यावर ऐसपैस टेकत शामकांतसाहेब म्हणाले. "उघड आहे."

"नाही साहेब. आचारीही त्याच पंगतीत जेवला," प्रबोध म्हणाला.

बोटीवरची नोकरी सुटल्यापासून प्रबोधला रहस्यकथा लिहायचा नाद लागला होता. ही यादवांच्या काळातल्या एका मठाची. महंत जेवता जेवता पानावर कोसळतात. पंगत तीच, पातेली तीच, वाढपी तेच. मरतात मात्र एकटे महंत. विष गेलं कसं, ते ओळखायचं.

साहेब म्हणजे त्याचे जुने चीफ इंजिनिअर. मुलीकडे सिंगापुरात जुरोंग ईस्टला आले होते, उद्या पुण्याला परतणार. प्रबोधने आग्रह करकरून त्यांना यिशुनच्या फ्लॅटवर जेवायला आणलं होतं. हा आग्रह काही गोष्ट ऐकवायला नव्हता. तो दर्शनसाठी होता.

दर्शन हा प्रबोधचा धाकटा भाऊ. तिघं एकाच बोटीवर होते. प्रबोध तर दुसऱ्या बोटीवरून नुकताच बदलून आलेला. वाफेची लाइन दुरुस्त करायला दर्शन आत गेला, व्हॉल्व्ह उघडाच होता, आणि पोरगा भाजून गेला. चौकशीत साहेबांनी सांगितलं, व्हॉल्व्ह बंद करायला दर्शनच विसरला.

दर्शन विसरला! घराचं कुलूप दोनदा ओढून बघणारा तो! "माझं पोर वेंधळं नव्हतं रे," म्हणत म्हणतच आई गेली. त्या वेळी इंजिन रूममध्ये साहेबांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. प्रबोध आपला वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपवून केबिनमध्ये झोपला होता. नंतर त्याने कितीदा तरी विचारलं, साहेब दरवेळी विषय बदलत. चूक कोणाच्याही हातून होते हो, पण ती मेलेल्या पोरावर ढकलायची? प्रबोधला या माणसाचा मनापासून राग होता, आणि तरी तो त्यांना साहेबच म्हणायचा.

"केळीच्या पानाला लावलं असेल," साहेब म्हणाले.

"ज्याने त्याने हाताला येईल ते पान उचललं."

"तूप?"

"सगळ्यांना एकाच भांड्यातलं."

"अहो, जेवायच्या वेळी कसली मढी उकरताय!" प्रबोधची बायको नीता स्वयंपाकघरातून ओरडली. "वरण निवतंय. साहेब, बसा बघू तुम्ही. मी पापड तळून आणते."

साहेबांच्या ताटाशी तांब्याचं फुलपात्र होतं. जेवणाआधी आपोष्णी घेणारे ते एकटेच, म्हणून प्रबोधने ते मुद्दाम भरून ठेवलं होतं. साहेबांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती घातल्या आणि तळहातावर पाणी घेऊन ते प्यायले.

"हरलो बुवा. सांग आता."

"आपोष्णी," प्रबोध म्हणाला. "अन्न सगळ्यांचं एकच. आपोष्णीचं पाणी मात्र महंतांचं वेगळं."

साहेबांचा हात भातावरच थांबला. त्यांनी फुलपात्राकडे पाहिलं, मग प्रबोधकडे.

"काय घातलंस?"

"दर्शन कसा गेला ते खरं सांगा. मग सांगतो."

पाणी आपलं नळाचंच होतं. पण ते ठाऊक होतं एकट्या प्रबोधला.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. भ्यायलेच ते. तरी उठले नाहीत, नीतालाही हाक मारली नाही.

"आता मरताना कशाला खोटं बोलू," ते हळूच म्हणाले. "तो विसरला नव्हता."

"ते मला माहीत आहे! मग व्हॉल्व्ह उघडा कसा?"

"आधीच्या बोटीवर तो उजव्या हाताला होता. आपल्या बोटीवर डाव्या. सवयीने हात उजवीकडे गेला आणि भलताच व्हॉल्व्ह बंद झाला."

"म्हणजे तुमच्या हातून झालं."

"मी त्या आधीच्या बोटीवर नव्हतो, प्रबोध."

आत कढईत पापड तडतडला.

"वॉच सोडताना तू त्याला म्हणालास, 'बंद केलाय, जा आत.' दादाने सांगितलं, म्हणून त्याने एकदाही तपासलं नाही." साहेबांनी डोळे पुसले. "मी बाहेर काढला तेव्हा शुद्धीवर होता. माझा हात धरून एवढंच म्हणाला, 'साहेब, माझ्या नावावर घाला. दादाला कधी कळू देऊ नका.'"