खांद्यावरचा पंजा
सकाळी अकरा वाजता अंधेरीतल्या डिझाइन स्टुडिओत धाकूने थोरल्या भावाच्या, सुबोधच्या, पोटात कटर खुपसला. दोघांचा चारकोपला नाटकांच्या सेटचा कारखाना. त्याचा लोगो आणि वेबसाइट डिझायनर तेजल दाखवत होती. लॅपटॉपवरच्या फोटोत दोघे हसत उभे होते. धाकूने वेबसाइट फोनवर उघडली, तर एकटा सुबोध आणि त्याच्या खांद्यावर धाकूचा नुसता पंजा. “माका कापलंस, दादा? वीस वर्सां राबलंय, नि मालक तू एकटोच?” “मेल्या, माका म्हायतच नाय!” फोनच्या अरुंद पडद्यात मावेना म्हणून फोटो तेजलने कापला होता, कुणालाही न विचारता. गिऱ्हाइकासमोर चूक कबूल करायला ती कचरली, तेवढ्यात धाकूने टेबलावरचा कटर उचलला. संध्याकाळी हवालदाराने तेजलला विचारलं, “सुबोधनेच फोटो कापायला सांगितलं ना? धाकू तसंच म्हणतोय.” सुबोध शुद्धीवर नाही. तेजल अजून गप्प आहे.