शेवटचं स्टूल

आईनं घडवलेली, एकावर एक बसणारी स्टुलं, ती जिथं कामाला होती त्या कारखान्यानं साठ वर्षं मालकाच्या नावावर खपवली. आता शौकीन ती लिलावात शोधत फिरतात. तिनं स्वतः बनवलेला पहिला संच तेवढा आमच्या घरी एकावर एक रचून ठेवलेला होता. त्यातल्या सगळ्यात खालच्या, शेवटच्या स्टुलाच्या तळाशी तिनं पेन्सिलीनं आकृती काढून सही केली होती. स्टुलांना तिचं नाव लावायला संग्रहालयाला तिचं मूळ हस्ताक्षर हवं होतं. फोटो चालणार नव्हता. बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हातारपणी उगाच आस लागायची. आज संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी एकेक स्टूल उतरवलं, शेवटचं उलटं करून भिंग धरलं. मग माझ्याकडे पाहिलं. लाकूड कोरं होतं, ताज्या पॉलिशचा वास येत होता. "पाहुणे येणार म्हणून काल सगळी घासून काढली," चहा घेऊन आलेले बाबा खुशीत म्हणाले. "लहानपणी तू खाली केवढं गिरगटून ठेवलं होतंस. जाता जाईना."