दोन बोटं मागे

सूनबाईचा पाय एका जागी ठरत नव्हता. सासऱ्यांनी एकेक रंग चढवून छापलेल्या नमुन्यात सुपरहिरोची लाल केप खांद्यापासून चक्क दोन बोटं मागे पडली होती, आणि ज्यांचं चित्र होतं त्या चित्रकार बाई नमुना बघायला दारात उभ्या. “माशीच्या मिशासुद्धा मोजतो मी,” असं सांगत म्हाताऱ्याने चष्मा कधी लावलाच नव्हता. हे काम गेलं की छापखान्याला कुलूप लागणार. बाईंनी चित्र उचललं, कपाळाला आठ्या घातल्या. “केप अशी सुटी का?” सूनबाईने दिली ठोकून, “अहो, हा उडतोच इतका जोरात, की बिचारी केप मागे राहते. मामंजींनी मुद्दाम दाखवलंय.” बाई खळखळून हसल्या. “झकास. पन्नासच्या पन्नास प्रती अशाच छापा.” त्या गेल्या. मामंजी बराच वेळ चित्र नाकाशी धरून बसले. मग हळूच म्हणाले, “केप नेमकी कुठे गेलीय, जरा बोट ठेवून दाखव गं.”