पाच दिवसांचा पास

वाणी दाराबाहेर उभी होती आणि श्रीकांतराव दारात आडवा हात लावून उभे होते.

"पास?" त्यांनी विचारलं.

"सार, नानु वाणी," तिने कानडीत आपलं नाव सांगितलं. "नर्स."

"नर्स असा नाहीतर कोणी असा. पास दाखवा."

खाली टॅक्सीत त्यांचा मुलगा सुहास आणि नात शमिका सामानासकट बसले होते; सून नयना इथे त्यांच्या मागे उभी होती. अकरा वाजता कोलंबोचं विमान होतं. त्यापुढे पाच दिवस समुद्र, नारळाची झाडं, आणि कोणाचंही काही करायचं नाही. पण घोडं दारातच पेंड खात होतं. श्रीकांतरावांची बत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात गेली होती. तिथे पासाशिवाय कोणाला आत घेत नसत, आणि ज्याला भेटायला आलात त्याची पासावर सही नसेल तर गेटवरून बाहेरही सोडत नसत. डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं होतं, एवढा नियम मात्र शाबूत होता. याआधीच्या दोन नर्स या उंबऱ्यावरूनच परत गेल्या होत्या आणि त्यांच्यापायी दोन सहली बारगळल्या होत्या.

तिसरी बारगळून चालणार नव्हती. गेल्या महिन्यात आंघोळ घालताना नयनाने सासऱ्यांचा दंड इतका आवळला की चार बोटं उमटली. तिने स्वतःच ती सुहासला दाखवली. "मला कुठेतरी घेऊन चल," ती म्हणाली, "नाहीतर एक दिवस माझ्या हातून काहीतरी होईल." त्याच संध्याकाळी त्याने तिकिटं काढली होती.

फोन वाजला.

"नयना, मॅपवर बेळ्ळंदूरचा रस्ता आत्ताच लाल दाखवतंय. ड्रायव्हर कटकट करतोय. काय चाललंय वर?"

"आले," ती म्हणाली आणि फोन बंद केला. तिने शमिकाच्या वहीचं एक पान टरकावलं, त्यावर वाणीचं नाव लिहिलं, 'मुदत पाच दिवस' लिहिलं, खाली कसलीतरी सही ठोकली आणि ते सासऱ्यांच्या हातात दिलं.

त्यांनी कागद लांब धरून वाचला. "शिक्का कुठाय?"

शिक्का! सुहास सोसायटीचा खजिनदार होता आणि सोसायटीचा शिक्का चपलांच्या कपाटात वरच्या खणात पडलेला असे. खजिनदाराच्या बायकोला त्याचा हा पहिलाच उपयोग. तिने तो कागदावर दाबला. श्रीकांतरावांनी निळी शाई अंगठ्याने तपासली आणि हात बाजूला घेतला.

"या. आत बसा."

"सरी सार," म्हणत वाणी चटकन आत शिरली. बाई हुशार होती.

नयनाला हसू फुटलं. किती दिवसांनी, ते तिलाच आठवेना. तिने खांद्याला बॅग लावली, बॅगेत न मावलेली गवती टोपी काखेत धरली आणि चपला घातल्या. तेवढ्यात हात पुन्हा आडवा आला.

"मॅडम, तुमचा पास?"

"बाबा, मी नयना."

कोणी ओळख करून दिल्यावर हलवतात तशी त्यांनी सभ्यपणे मान हलवली. "हो, पण पास?"

कालपर्यंत निदान नावाने हाक मारत होते. फोन पुन्हा वाजायला लागला. काडीसारखा तो हात, एका धक्क्यात बाजूला झाला असता. तिची बोटं पुढे झालीही, त्याच दंडाकडे. मग तिने स्वतःचं मनगट दुसऱ्या हाताने पकडलं आणि चपलांच्या शेजारी फरशीवर बसकण मारली.

"हरवला हो," ती म्हणाली. "माझा पास हरवला. मला जाऊ द्या. पाया पडते तुमच्या."

रडणाऱ्या बाईपुढे श्रीकांतराव गांगरले. "अहो, रडता काय असं? दुसरा करू." त्यांनी खिशातलं पेन काढलं, वहीचं आणखी एक पान फाडून कपाटावर सपाट केलं. अक्षर अजूनही सुटं आणि सरळ होतं.

"नाव?"

"नयना."

"कोणाकडे आला होतात?"

"तुमच्याकडे."

"आत कधी आलात?"

तिने सवयीने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "दोन हजार दहा साली."

तेही त्यांनी लिहून घेतलं. "काम?"

पेन कागदावर टेकवून ते थांबले. त्यांना घाई नव्हती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काखेतल्या टोपीकडे पाहिलं आणि शेवटी आपल्या मनाने काहीतरी लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला.

'काम' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'झालं.'

"गेटवर द्या. कोणी अडवणार नाही," ते म्हणाले. "आणि पुन्हा यायचं झालं तर नवा पास करावा लागेल हं."

त्यांनीच दार लावून घेतलं.

टॅक्सी गेटपाशी आली तेव्हा सुहास काहीतरी विचारत होता आणि शमिकाने आत्तापासूनच गॉगल लावला होता. वॉचमन देवाप्पाने दांडा वर केला. नयनाने काच खाली घेतली आणि कागद बाहेर धरला.

"एनु अक्का इदु?" काय आहे ते बघायला देवाप्पाने कागदाचं एक टोक धरलं.

दुसरं टोक तिच्याच्याने सोडवेना. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.