पुढची सूरा
मुलगा वारल्यानंतर तीन महिन्यांनी निवृत्त मास्तरांनी सुनेपुढे पुन्हा कुराण ठेवलं. तिने ‘दुहा’ ही सूरा, म्हणजे कुराणातला अध्याय, वाचली. त्यांनी अर्थ सांगितला, “तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही.” तिने कुराण मिटलं. “मला तर वाऱ्यावर सोडलंय, अब्बा!” मास्तर रागावले नाहीत. “इथे सूरा संपते, बोलणं नाही. पुढची ‘शरह’ हिची सख्खी शेजारीण. ही धीर देते, ती पाठीवरचं ओझं उतरवल्याची आठवण करून देते. म्हणून दोघी जोडून वाचाव्यात.” “तुमचं ओझं उतरलं का?” तिने विचारलं. मुलाला दफन करतानाही न रडलेले मास्तर चेहरा ओंजळीत लपवून हमसाहमशी रडले. ती गडबडली. मग खुर्ची त्यांच्याजवळ ओढून तिने ‘शरह’ उघडली. कष्टासोबत सुखही येतं, हे ती सूरा लागोपाठ दोनदा सांगते. सुनेने पहिल्यांदा ते त्यांच्यासाठी वाचलं आणि दुसऱ्यांदा स्वतःसाठी.